दोन लाख अणूंचं चित्र ब्राउझरमध्ये अडखळतं, तेव्हा घोडं कुठे पेंड खातं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. माझी समजूत चुकली असेल तर तिथेच थांबवा. मॉलिक्युलर डायनॅमिक्सच्या, म्हणजे अणूंच्या हालचालींचा हिशेब करणाऱ्या, एका सिम्युलेशनमधून तुमच्याकडे २ लाख अणूंच्या ५०० फ्रेम, म्हणजे एकामागोमागच्या क्षणांच्या नोंदी, आल्या आहेत. प्रत्येक अणूचं स्थान आणि वेग, मिळून सहा आकडे. हे ब्राउझरमध्ये चलचित्रासारखं चालवायचं, माऊसने फिरवून बघायचं, अणूच्या वेगानुसार रंग द्यायचा आणि पुढे जमलं तर घनतेचा समपृष्ठभागही, म्हणजे सारख्या घनतेच्या बिंदूंचा पृष्ठभाग, काढायचा. सध्या प्रत्येक अणू म्हणजे एक जावास्क्रिप्ट ऑब्जेक्ट, डेटा जेसन या मजकुरी स्वरूपात, आणि चित्र टू-डी कॅनव्हासवर (ब्राउझरच्या साध्या चित्रफलकावर) एकेक वर्तुळ काढून. सेकंदाला जेमतेम ४ फ्रेम पडतात. सहकारी म्हणतात, जावास्क्रिप्ट ही असल्या कामाची भाषाच नाही, सी प्लस प्लसमध्ये डेस्कटॉपवर लिहा, फार तर वेबअसेम्ब्ली, म्हणजे सी प्लस प्लससारख्या भाषेतून बनवून ब्राउझरमध्ये चालवायचा कोड, घ्या. ब्राउझर सोडावा का, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते नाही, निदान या कारणासाठी तरी नाही. तुमचा वेळ भाषा खात नाहीये, डेटाची ने-आण खातेय. गेली कित्येक वर्षं मी हेच काम करतोय, आणि ‘जावास्क्रिप्ट हळू आहे’ अशी तक्रार घेऊन आलेल्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये प्रत्यक्ष आकडेमोडीचा वाटा किरकोळ निघाला आहे. अर्थात काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. बघणाऱ्यांच्या यंत्रात वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे का? डेटा त्याच यंत्रावर आहे की नेटवर्कवरून येतो? सिम्युलेशन आधीच झालंय की तेही ब्राउझरमध्येच चालवायचंय? तुमच्या लिहिण्यावरून ते झालेलं आहे असं धरून पुढे जातो. तसं नसेल तर वेबअसेम्ब्लीबद्दल जे खाली लिहिलंय ते जास्त लक्ष देऊन वाचा.

आधी अंदाजपत्रक मांडू. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होत असेल तर एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद मिळतात. त्याला २ लाखांनी भागा: एका अणूच्या वाट्याला ८३ नॅनोसेकंद. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर हे त्याच्या घड्याळाचे सुमारे २५० ठोके. तुमच्या ४ फ्रेमचा अर्थ असा की सध्या एका अणूवर १२५० नॅनोसेकंद जात आहेत, म्हणजे पंधरापट. आता अणूचा वेग काढायला लागतं काय? तीन गुणाकार, दोन बेरजा, एक वर्गमूळ. हे काम टाइप्ड अ‍ॅरेवर, म्हणजे एकाच प्रकारच्या आकड्यांच्या सलग यादीवर, साध्या फॉर लूपमध्ये लिहिलं तर आजच्या कुठल्याही ब्राउझरमध्ये २ लाख अणूंसाठी एका मिलिसेकंदाच्या आसपास उरकतं. खोटं वाटत असेल तर तेवढाच लूप वेगळ्या रिकाम्या पानावर चालवून बघा. मग उरलेले जवळपास २४९ मिलिसेकंद कोण खातंय?

पहिला खाणारा तुमच्या रंगाच्या ओळीतच बसलेला आहे. प्रत्येक अणूसाठी तुम्ही ‘आरजीबी, कंस, तीन आकडे, स्वल्पविराम’ अशी स्ट्रिंग जोडता आणि कॅनव्हासला देता. म्हणजे तीन आकड्यांचे आधी अक्षरांत रूपांतर, मग अक्षरं चिकटवून नवी स्ट्रिंग, मग कॅनव्हासने ती स्ट्रिंग वाचून परत तीन आकडे काढायचे. जे तुमच्या हातात आकडे म्हणून होतं, तेच पलीकडे आकडे म्हणून हवं होतं, आणि मध्ये अक्षरांचा फुकटचा वळसा. तोही एका फ्रेममध्ये २ लाख वेळा. शिवाय त्या २ लाख स्ट्रिंग लगेच टाकाऊ होतात. थेंबे थेंबे तळे साचतं, आणि ते उपसायला गार्बेज कलेक्टर, म्हणजे टाकाऊ मेमरी मोकळी करणारा झाडूवाला, आला की फ्रेम गचकन थांबते. तुम्ही लिहिलंत की ‘मध्येच झटका बसतो, मग पुन्हा सुरळीत’. तो झटका बहुधा हाच.

दुसरा खाणारा म्हणजे ऑब्जेक्ट. इथे जरा इतिहास सांगतो, कारण जावास्क्रिप्टची बदनामी कुठून आली आणि ती आता कितपत खरी आहे हे त्यातून कळतं. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये या भाषेचा पहिला अवतार दहा दिवसांत उभा केला, आणि पुढची बरीच वर्षं ती मशीन कोड न बनवता, एकेक सूचना वाचूनच चालत असे. ती खरोखरच हळू होती. २००८ मध्ये क्रोम ब्राउझर व्ही-एट या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या इंजिनसह आलं, त्याच सुमारास इतर ब्राउझरांनीही चालता चालता मशीन कोड तयार करणारी इंजिनं आणली, आणि चित्र पालटलं. पण हे इंजिन वेगवान होतं ते अंदाज बांधून. एखाद्या फंक्शनला दहा हजार वेळा एकाच साच्याचा, म्हणजे तीच फील्ड त्याच क्रमाने असलेला, ऑब्जेक्ट मिळाला की ते धरून चालतं की पुढेही तसाच मिळेल, आणि त्या साच्यापुरता घोटीव मशीन कोड बनवतं. तुम्ही मध्येच वेगळ्या साच्याचा ऑब्जेक्ट दिला, एखाद्या अणूला एक जादा फील्ड लावलं किंवा आकड्याच्या जागी अनडिफाइन्ड आलं, की अंदाज कोसळतो आणि तो कोड फेकून द्यावा लागतो. एकाच ठिकाणी चारहून जास्त साचे दिसले की व्ही-एट त्या ठिकाणापुरता अंदाजच सोडून देतं. तुमच्याकडे हायड्रोजनला ‘बंध’ हे फील्ड नाही, ऑक्सिजनला आहे, आणि काही अणूंना ‘निवडलेला’ हे फील्ड माऊसने टिचकी मारल्यावर चिकटतं. झाले तीन-चार साचे.

साचा एकच ठेवलात तरी मेमरीचा प्रश्न उरतोच. जावास्क्रिप्टमधला प्रत्येक सामान्य आकडा ६४ बिटांचा. ऑब्जेक्टच्या फील्डमध्ये तो बसतो तेव्हा व्ही-एट पुष्कळदा त्याला स्वतंत्र खोक्यात ठेवून ऑब्जेक्टमध्ये त्या खोक्याचा पत्ता लिहितं. म्हणजे एक अणू वाचायचा तर सात ठिकाणी हिंडायचं. एका अणूला सहज शंभर बाइटच्या आसपास जागा जाते, आणि ती एकसलग असेलच असं नाही. उलट फ्लोट३२अ‍ॅरेमध्ये (३२ बिटी आकड्यांच्या सलग यादीत) तेच सहा आकडे २४ बाइटांत, एकाला एक चिकटून. प्रोसेसर पुढचा अणू मागायच्या आधीच तो कॅशमध्ये, म्हणजे जवळच्या वेगवान मेमरीत, आलेला असतो. टाइप्ड अ‍ॅरे ही चीज मुळात वेबजीएलसाठी, म्हणजे ब्राउझरमधून ग्राफिक्स कार्ड वापरायच्या सोयीसाठीच, जन्माला आली, आकड्यांचा गठ्ठा ग्राफिक्स कार्डाकडे तसाच सरकवता यावा म्हणून. वैज्ञानिक कामात तिचा फायदा चित्राच्या पलीकडेही होतो.

तेव्हा पहिला बदल हा: अणू नावाचा ऑब्जेक्ट रद्द. एक्सचा, वायचा, झेडचा किंवा तिन्हींचा मिळून एक लांब अ‍ॅरे, आणि अणू म्हणजे फक्त एक क्रमांक. कोड दिसायला थोडा खेडवळ होतो, ‘आय गुणिले तीन अधिक एक’ असली भाषा येते. मी ती सहन करतो, पण फक्त त्या गरम लूपपुरती. बटणं, मेनू, निवडलेल्या अणूची माहिती हे सगळं खुशाल नेहमीच्या ऑब्जेक्टमध्ये ठेवा. दिवसातून दहा वेळा चालणाऱ्या कोडवर कारागिरी करण्यात अर्थ नाही.

याच वळणावर एक खड्डा आहे, मीही त्यात पडलोय. रंगपट्टी ठरवायला सगळ्यात मोठा वेग हवा म्हणून मी मॅथ-मॅक्सला तीन टिंबं लावून अख्खा अ‍ॅरे दिला होता. दहा हजारांच्या चाचणी डेटावर झकास चाललं. खरा डेटा आला आणि ‘कॉल स्टॅक’ची मर्यादा ओलांडल्याची तक्रार करत पान आडवं. कारण ती तीन टिंबं प्रत्येक आकडा स्वतंत्र आर्ग्युमेंट म्हणून स्टॅकवर चढवतात. साधा लूप लिहा, तो वेगवानही असतो.

दुसरा बदल मोठा: टू-डी कॅनव्हास सोडून वेबजीएल २. टू-डी कॅनव्हासला तुम्ही २ लाख वेळा सांगता, ‘इथे वर्तुळ काढ’. वेबजीएलला एकदाच सांगायचं, ‘हा गठ्ठा घे, यातल्या प्रत्येकासाठी हे काढ’. याला इन्स्टन्सिंग म्हणतात, आणि वेबजीएल २ मध्ये ते मूळचंच आहे. ब्राउझरमध्ये प्रत्येक ड्रॉ कॉल, म्हणजे कार्डाला ‘काढ’ म्हणणारा हुकूम, डेस्कटॉपपेक्षा महाग पडतो, कारण सुरक्षेसाठी ब्राउझर तो तपासतो, बऱ्याचदा दुसऱ्या प्रोसेसकडे पाठवतो, आणि विंडोजवर तर सहसा डायरेक्ट३डीच्या भाषेत बदलूनही घेतो. पण एका फ्रेमला पाच-दहा कॉल असतील तर ही महागाई जाणवतही नाही. माऊसने फिरवणं तर जवळपास फुकट होतं. डेटा आधीच कार्डाच्या मेमरीत आहे, तुम्ही फक्त सोळा आकड्यांचं एक मॅट्रिक्स बदलता. सध्या फिरवताना तुम्ही २ लाख अणूंची नवी जागा जावास्क्रिप्टमध्ये मोजता. ते काम तुमचं नाहीच.

गोल काढताना मात्र घाई करू नका. सोपा मार्ग म्हणजे त्रिकोणांचा गोल बनवून तो २ लाख वेळा मांडायचा. बरा दिसणारा गोल पाचेकशे त्रिकोण घेतो, म्हणजे एका फ्रेमला १० कोटी त्रिकोण. चांगलं कार्डही धापा टाकेल. त्याऐवजी प्रत्येक अणूसाठी कॅमेऱ्याकडे तोंड केलेला एक चौकोन, म्हणजे दोन त्रिकोण, आणि फ्रॅगमेंट शेडरमध्ये, म्हणजे कार्डावर पिक्सेलागणिक चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, प्रत्येक पिक्सेलला विचारायचं: तू वर्तुळाच्या आत आहेस का? असशील तर गोलाच्या पृष्ठभागाची दिशा आणि खोली एवढी. १० कोटींचे ४ लाख झाले, आणि गोल कितीही जवळ जाऊन बघा, कंगोरे दिसत नाहीत. रेणू दाखवणाऱ्या मंडळींची ही जुनी युक्ती आहे. खोली शेडरमध्ये लिहिली की कार्डाला झाकलेले पिक्सेल आधीच गाळता येत नाहीत, एवढी किंमत त्यात आहे. अणू दूरून बघत असाल तर खोली न लिहिताही भागतं. मी दोन्ही शेडर ठेवतो आणि झूमनुसार बदलतो. ‘पॉइंट’ प्रकार वापरून चौकोनही वाचवता येतो, पण बिंदूचा कमाल आकार प्रत्येक कार्डावर वेगळा असतो, आणि स्पेसिफिकेशन हमी देतं ती फक्त १ पिक्सेलची. मला तो भरवसा पुरत नाही.

आता मोजमाप, कारण इथे भलेभले फसतात. ड्रॉ कॉलच्या आधी आणि नंतर घड्याळ लावलंत तर ०.१ मिलिसेकंद वगैरे दिसेल आणि तुम्ही खूश व्हाल. तो आकडा काढण्याचा नाही, फक्त चिठ्ठी रांगेत टाकण्याचा आहे. कार्ड आपल्या सवडीने काम करतं. मध्येच पिक्सेल परत वाचायला मागितलेत, उदाहरणार्थ कर्सरखाली कोणता अणू आहे हे शोधायला, तर अख्खी रांग संपेपर्यंत जावास्क्रिप्ट ताटकळतं, आणि सगळा दोष त्या बिचाऱ्या वाचण्याच्या ओळीवर दिसतो. ती वाचणी प्रत्येक माऊसहालचालीला करू नका. माऊस थांबल्यावर करा. भरीस भर म्हणून २०१८ मध्ये स्पेक्टर हा प्रोसेसरांतला दोष उघड झाल्यापासून ब्राउझरांनी घड्याळाची बारकाईही मुद्दाम कमी केली आहे. म्हणून एकेक फंक्शन मोजण्यापेक्षा तेच काम शंभरदा करून भागाकार करा, किंवा सरळ ब्राउझरच्या डेव्हटूल्समधला परफॉर्मन्स टॅब उघडा.

माझी घरगुती चाचणी याहून सोपी आहे. ब्राउझरची खिडकी चौथाईएवढी करा. फ्रेम एकदम वाढल्या तर अडचण पिक्सेलांची, म्हणजे शेडर जड आहे किंवा अणू एकमेकांवर फार चढलेत. वाढल्या नाहीत तर अणूंची संख्या निम्मी करा. त्याने वाढल्या तर अडचण डेटाची किंवा जावास्क्रिप्टची. पिक्सेलांची निघाली तर आधी बघा की पडदा दुप्पट घनतेचा आहे का. तिथे रुंदी आणि उंची दोन्ही दुप्पट, म्हणजे पिक्सेल चौपट. मी माऊस फिरत असताना साध्या घनतेवर काढतो आणि हात थांबला की पूर्ण घनतेवर एकदा काढतो. बघणाऱ्याला कळत नाही. आणि हात थांबलाय, फ्रेमही बदलत नाहीये, तेव्हा काहीच काढू नका. वैज्ञानिक चित्र बराच वेळ नुसतं बघितलं जातं. सेकंदाला ६० वेळा तेच चित्र काढून लॅपटॉपचा पंखा फिरवण्यात काय हशील?

एक गोष्ट मात्र सगळ्याच्या आधी तपासा: ब्राउझर ग्राफिक्स कार्ड वापरतोय तरी का? रिमोट डेस्कटॉपवर किंवा ड्रायव्हर जुना असला की ब्राउझर मुकाट्याने प्रोसेसरवरच वेबजीएल चालवतो. चित्र बरोबर येतं, फक्त कासवगतीने. एकदा मी दोन दिवस शेडर सुधारत बसलो होतो, आणि शेवटी कळलं की ज्या यंत्रावर तक्रार होती तिथे कार्ड वापरलंच जात नव्हतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

वेगाइतकाच, किंबहुना जास्त, त्रास देणारा मुद्दा अचूकतेचा. तुम्ही तो विचारला नाही, पण पुढे भेटणारच. जावास्क्रिप्टचा आकडा ६४ बिटांचा, तर कार्डाकडे आपण ३२ बिटांचे देतो, ज्यात साधारण सात दशमान अंक मावतात. तुमच्या अणूंना याचा त्रास नाही, अणू ज्यात आहेत ती सिम्युलेशनची पेटीच छोटी आहे. पण पृथ्वीच्या केंद्रापासून मीटरमध्ये मोजलेली जागा घ्या. ६३ लाखांच्या घरातल्या आकड्याला ३२ बिटांत लागोपाठच्या दोन किमतींत अर्ध्या मीटरचं अंतर पडतं. जवळ जाऊन कॅमेरा हलवला की सगळं थरथरायला लागतं. वेळेचं तर आणखी वाईट. १९७० पासूनचे मिलिसेकंद हा आकडा आज १३ अंकी आहे. तो फ्लोट३२ मध्ये टाकलात तर दोन शेजारच्या किमतींत १,३१,०७२ मिलिसेकंद, म्हणजे दोन मिनिटांहून जास्त अंतर. सेन्सरचा सेकंदासेकंदाचा आलेख मग उभ्या काठ्यांसारखा दिसतो, आणि माणूस दोष देतो सेन्सरला. उपाय साधा आहे: जावास्क्रिप्टमध्ये ६४ बिटांत मधला बिंदू वजा करा आणि उरलेला छोटा फरक ३२ बिटांत पाठवा. त्यानेही भागलं नाही तर एक आकडा मोठा भाग आणि उरलेला भाग असा दोन फ्लोटांत तोडून शेडरमध्ये वजाबाकी करतात. पण मधला बिंदू वजा करून दहातली नऊ कामं होतात.

आता वेबअसेम्ब्ली. सहकाऱ्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. २०१७ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत ते आहे, आणि काही ठिकाणी त्याला पर्याय नाही. वर्षानुवर्षं घासूनपुसून तयार झालेली सी प्लस प्लसची लायब्ररी तुमच्याकडे असेल तर ती जावास्क्रिप्टमध्ये नव्याने लिहिणं शहाणपणाचं नाही. एकाच सूचनेत ३२ बिटांचे चार आकडे हाताळणाऱ्या १२८ बिटांच्या सूचना वापरायच्या असतील तर त्या जावास्क्रिप्टमधून थेट मिळत नाहीत. आणि इथे अंदाज बांधणं, अंदाज कोसळणं, गार्बेज कलेक्टरचे झटके असलं काही नसतं, वेळ एकसारखा लागतो. पण नीट लिहिलेल्या टाइप्ड अ‍ॅरेच्या लूपशी तुलना केली तर सूचनांचा तो फायदा न घेता दसपट वगैरे काही होत नाही. माझ्या अनुभवात दीडपट, दुप्पट. कधी तेवढंही नाही.

हे मी किंमत मोजून शिकलो. समोच्च रेषा काढणारा कोड मी एकदा तीन आठवडे खपून वेबअसेम्ब्लीत नेला. हिशेब जवळपास दुप्पट वेगाने व्हायला लागला. पडद्यावर मात्र काडीचा फरक नाही. कारण निघालेल्या रेषा मी बाहेर काढून बिंदूंच्या ऑब्जेक्टचे, त्यांच्या अ‍ॅरेचे, त्यांच्याही अ‍ॅरेचे डोलारे बांधत होतो, आणि वेळ तिथे जात होता. तो डोलारा काढून वेबअसेम्ब्लीच्या मेमरीवरच फ्लोट३२अ‍ॅरेची खिडकी लावली आणि तो तुकडा थेट कार्डाकडे पाठवला, तेव्हा कुठे पडदा हलला. मग उत्सुकतेपोटी जुना जावास्क्रिप्टचा हिशेबही त्याच पद्धतीने जोडून बघितला. तोही पुरेसा होता! तेव्हा वेबअसेम्ब्ली घेतलंत तर सीमेवरून ये-जा कमी करा: एकदा आत जा, सगळं काम करा, एकदाच बाहेर या. आणि लक्षात ठेवा, आतली मेमरी वाढली की बाहेरून लावलेल्या सगळ्या खिडक्या मोडतात. त्या नव्याने लावाव्या लागतात. हा दोष शोधताना डोक्यावरचे केस पांढरे होतात, कारण छोट्या डेटावर मेमरी वाढतच नाही.

वर्करबद्दल, म्हणजे पान न अडवता बाजूला चालणाऱ्या जावास्क्रिप्टबद्दल, थोडक्यात. जेसन वाचणं, डेटा उलगडणं ही कामं मुख्य धाग्यावर नकोतच. वर्करला द्या, आणि निकालाचा बफर परत पाठवताना त्याची नक्कल न करता मालकीच हस्तांतरित करा. दोन्हीकडून एकच मेमरी बघायची सोयही आहे, पण स्पेक्टरनंतर ती सर्व्हरने दोन खास हेडर पाठवून पान वेगळं केलं असेल तरच मिळते. तुम्हाला तिची गरज दिसत नाही.

हे सगळं केल्यावर अडचण जिथे सरकेल ती जागा म्हणजे नेटवर्क, आणि तिथे भाषेचा संबंधच नाही. सहा आकडे जेसनमध्ये पूर्ण अंकांनिशी, फील्डच्या नावांसकट लिहिले तर एका अणूला सहज १५० बाइट. एक फ्रेम ३० मेगाबाइट, ५०० फ्रेम १५ गिगाबाइट. तेच फ्लोट३२ मध्ये पाठवले तर फ्रेम ४.८ मेगाबाइट, एकूण २.४ गिगाबाइट. अजून खाली येता येतं. रंगासाठी वेगाची दिशा लागत नाही, फक्त मोठेपणा लागतो, आणि रंगपट्टीत २५६ छटा पुरतात, म्हणजे १ बाइट. स्थानासाठी पेटीच्या बाजूचे ६५,५३६ भाग करून प्रत्येक अक्षाला १६ बिट. तुमचं पाण्यातलं सिम्युलेशन असेल तर २ लाख अणूंची पेटी साधारण १३० आंगस्ट्रॉम बाजूची (१ आंगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग). एक भाग ०.००२ आंगस्ट्रॉमचा. डोळ्याला तर सोडाच, उष्णतेने अणू जेवढा थरथरतो त्याच्याही पुढे ते काहीच नाही. स्थानाचे ६, वेगाचा १, आणि सीमा जुळावी म्हणून १ रिकामा: ८ बाइट. फ्रेम १.६ मेगाबाइट, सगळं मिळून ८०० मेगाबाइट. मूळ डेटा अर्थातच सर्व्हरवर पूर्ण अचूकतेने राहू द्या. मोजमापं त्यावर करायची, ही नक्कल फक्त बघण्यासाठी.

आणि सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या म्हणजे ६० फ्रेम आणायच्या असं नाही. सेकंदाला १० आणा, लागोपाठच्या दोन कार्डावर ठेवा आणि मधल्या जागा शेडरमध्येच काढा. मग १६ मेगाबाइट प्रतिसेकंद पुरतात. पहिल्यांदा हे कराल तेव्हा एक गंमत दिसेल: अधूनमधून काही अणू पेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बाणासारखे सुटतील. घाबरू नका. पेटीच्या कडा एकमेकींना जोडलेल्या असतात, उजवीकडून बाहेर पडलेला अणू डावीकडून आत येतो, आणि शेडर बिचारा त्या दोन जागांमध्ये सरळ रेषा ओढतो. दोन जागांतला फरक अर्ध्या पेटीपेक्षा जास्त असेल तर पेटीची एक लांबी वजा किंवा अधिक करा. सिम्युलेशनमध्ये तुम्ही हे करताच, तेच इथे.

राहिला समपृष्ठभाग. १२८ घन जाळीवर, म्हणजे सुमारे २१ लाख कोपऱ्यांवर, मार्चिंग क्यूब्ज ही पृष्ठभागाचे त्रिकोण काढणारी पद्धत चालवायची तर एका वर्करमधलं साधं जावास्क्रिप्ट पुरेल, अट एवढीच की ते निकाल थेट टाइप्ड अ‍ॅरेत लिहीत असेल. २५६ घनाला आठपट काम, आणि तेही प्रत्येक फ्रेमला हवं असेल, तर इथे मी वेबअसेम्ब्लीकडे किंवा वेबजीपीयूकडे वळेन. वेबजीपीयू क्रोममध्ये २०२३ साली आलं, आणि त्यात कार्डावर थेट आकडेमोड करता येते. ते प्रत्येक यंत्रावर असेल असं धरू नका, वेबजीएलची वाट मोकळी ठेवा. दुसरा मार्ग म्हणजे पृष्ठभाग बांधायचाच नाही. घनता त्रिमितीय टेक्स्चरमध्ये, म्हणजे कार्डाच्या मेमरीतल्या जाळीत, भरून शेडरमध्ये किरण सोडायचे. लॅपटॉपवर तो पिक्सेलांवर भारी पडतो, पण कोड कितीतरी छोटा होतो.

डेस्कटॉपकडे जा असं मी केव्हा म्हणेन? २ लाखांचे २० कोटी अणू असतील, किंवा एकाच वेळी दहा-वीस गिगाबाइट मेमरीत लागत असतील तेव्हा. ३२ बिटी वेबअसेम्ब्लीची मेमरी ४ गिगाबाइटपाशी संपते, आणि एका टॅबला ब्राउझर किती वापरू देईल हे तुमच्या हातात नसतं. तिथे सहकाऱ्यांचं बरोबर आहे. तुमच्या डेटाला मात्र ते लागू नाही.

आधी फक्त रंगाची स्ट्रिंग आणि ऑब्जेक्ट काढून टाका, कॅनव्हास तसाच ठेवा, आणि किती फ्रेम मिळतात बघा. रंग २५६ छटांत वाटून, एका छटेचे सगळे अणू एकदम काढा. मग वेबजीएलला हात घाला. दोन्ही वेळचे आकडे आणि खिडकी लहान केल्यावरचा आकडा कळवलात तर शेडर कुठे आवळायचा ते नेमकं सांगता येईल.